हक्क, फॉन्ट आणि किल्ली

कोवाडचे रणजित देसाई १९९२ मध्ये गेले, आजऱ्याचे शिवाजी सावंत २००२ मध्ये आणि कागलचे आनंद यादव २०१६ मध्ये. १९३८ साली शिरोडं सोडून कोल्हापूरला आलेले आणि मग इथलेच होऊन गेलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये. एरवी ही वर्षं लेखकपरिचयात कंसात टाकून मोकळं व्हायचं. पण ई-पुस्तकं प्रकाशित करणारं सॉफ्टवेअर लिहायला बसलं की पहिल्याच दिवशी तीच लागतात. भारतात स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं टिकतो. त्या हिशेबानं खांडेकरांची ‘ययाति’ ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत हक्काखाली आहे, देसाईंची ‘स्वामी’ २०५२ अखेरपर्यंत, सावंतांची ‘मृत्युंजय’ २०६२ अखेरपर्यंत आणि यादवांची ‘झोंबी’ २०७६ अखेरपर्यंत. आज पहिलीत असलेलं पोर ‘झोंबी’ मुक्त होईल तेव्हा साठीकडे झुकलेलं असेल. याउलट साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून कुणीही छापावी, कुणीही वाटावी.

हा ६० चा आकडाही मूळचा नाही. १९५७ च्या कायद्यात ५० वर्षं होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या पुस्तकांची ५० वर्षं १९९१ अखेर संपत आली आणि विश्वभारतीचं उत्पन्न धोक्यात आलं, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीनं सगळ्यांनाच आणखी दहा वर्षं मिळाली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं यातून एवढंच घ्यायचं की मुदतीचा आकडा प्रोग्रॅममध्ये पक्का चिणायचा नाही. तो बदलता आला पाहिजे.

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका खोलीत चार-पाच जण असं सॉफ्टवेअर करायला बसले आहेत आणि जिल्ह्यातला एक प्रकाशक त्यांच्याकडे जुन्या कादंबऱ्यांचे गठ्ठे घेऊन आला आहे. त्याची अपेक्षा साधी आहे: पुस्तक पैसे भरणाऱ्याच्याच फोनवर उघडावं, त्याच्या मेव्हण्याच्या नाही. याला डिजिटल हक्क व्यवस्थापन म्हणतात. धंद्यातली माणसं नुसतं डीआरएम म्हणतात. बहुतेकांना वाटतं की यातलं अवघड काम म्हणजे कुलूप. प्रत्यक्षात कुलूप तयार मिळतं, आणि चांगलं मिळतं. घाम निघतो तो कुलपाच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडचं पहिलं काम कागदाचं. प्रकाशकाकडे छापण्याचा करार आहे, पण ई-पुस्तकाचा आहे का? १९५९ साली ‘ययाति’ छापली गेली तेव्हा फोनवर कादंबरी वाचण्याची कल्पना कोण करणार होतं? २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात स्पष्ट घातलं की करार होताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन नमूद केल्याखेरीज त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरित झाले असं धरायचं नाही. त्याआधीच्या करारांबद्दल वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. म्हणून शहाणा प्रकाशक वारसांकडून नवा कागद करून घेतो. त्यात मुदत लिहायला विसरला तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहायला विसरला तर भारतापुरता हक्क धरतो. न्यू जर्सीतल्या कोल्हापूरकराला तेच पुस्तक विकलं, तर विकण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न तिथे उभा राहतो. तेव्हा सॉफ्टवेअरच्या तक्त्यात प्रत्येक पुस्तकासमोर हक्क कोणाचा, कोणत्या माध्यमाचा, कोणत्या देशांत आणि कधीपर्यंत, हे चार रकाने हवेतच. मुखपृष्ठाच्या चित्राला वेगळी ओळ, प्रस्तावनेला वेगळी, कारण त्यांचे मालक वेगळे आणि त्यांच्या मृत्यूची वर्षंही वेगळी. हे काम कंटाळवाणं आहे, आणि पुढे जी भांडणं होतात ती बहुतेक इथेच पेरलेली असतात.

दुसरं काम अक्षरांचं. हे मात्र खास आपलं दुखणं आहे. इंग्रजी पुस्तकाची वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडली तर मजकूर हाती येतो. मराठी पुस्तकाची तशी फाइल उघडली तर अनेकदा रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. नव्वदीच्या दशकापासून आपली पुस्तकं श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा व्यवस्थांमधून पेजमेकरवर लागली. त्या फॉन्टांमध्ये ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. रोमन अक्षराच्या जागी अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे आकाराचे तुकडे बसवलेले असतात. कागदावर सुंदर मराठी उमटतं, संगणकाच्या लेखी ते मराठी नसतंच. त्यातून प्रत्येक फॉन्टची तुकडे मांडण्याची रीत वेगळी.

हा मजकूर युनिकोड या अक्षरांच्या सर्वमान्य मानकात आणायचा तर नुसतं एका चिन्हाच्या जागी दुसरं ठेवून भागत नाही. जुन्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, कारण डोळ्याला तसं दिसतं. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. रफार उलट दिशेनं: ‘वर्ष’मध्ये तो जुन्या फाइलीत ष च्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये त्याला ष च्या आधी न्यावं लागतं. ‘मूर्च्छा’सारखा शब्द आला की रफारानं अख्खं जोडाक्षर आणि काना ओलांडून मागे उडी मारायची असते. साधा प्रोग्रॅम इथे हमखास चुकतो. मग रूपांतरकाच्या मागोमाग मुद्रितशोधक लागतो, आणि चारशे पानांची कादंबरी पुन्हा ओळ न् ओळ वाचावी लागते. ज्या प्रकाशकाला ई-पुस्तक म्हणजे ‘एक बटन दाबायचं’ वाटतं, त्याला या टप्प्यावरचं बिल दाखवावं.

मजकूर शुद्ध झाला की भाषेची खूण करायची. युनिकोडला मराठी ल आणि हिंदी ल एकच. फाइलीत भाषा म्हणून मराठी नोंदवलेली असेल आणि फॉन्टमध्ये मराठी वळणं असतील, तरच आपले ल आणि श दिसतात. नाहीतर खांडेकर दिल्लीच्या पाठ्यपुस्तकाच्या वळणात वाचावे लागतात. फॉन्ट पुस्तकातच घालून द्यावा हे उत्तम, पण फॉन्टवरही कुणाचा तरी हक्क असतो. छपाईसाठी विकत घेतलेला फॉन्ट ई-पुस्तकात वाटायची परवानगी बहुधा नसते. नोटो किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट त्यासाठी बरे. ई-पुस्तकाच्या ईपब मानकात फॉन्ट झाकायची एक गमतीदार सोय आहे: फॉन्ट फाइलीचे फक्त पहिले १०४० बाइट पुस्तकाच्या ओळख-क्रमांकावरून बदलून टाकायचे. तो क्रमांक त्याच फाइलीत उघडा पडलेला असतो. म्हणजे ही चोरापासूनची राखण नव्हेच, ‘हे उचलायचं नाही’ अशी पाटी आहे.

आता खरं कुलूप. ईपब म्हणजे झिप करून बांधलेला गठ्ठा: आत वेबपानांसारखी प्रकरणं, चित्रं, फॉन्ट आणि अनुक्रम. गठ्ठ्यातली पहिली छोटी फाइल ‘मी ईपब आहे’ एवढंच सांगते. ती न दाबता आणि उघडी ठेवावी लागते. बाकीच्यांपैकी प्रकरणं कूटबद्ध करायची. मुखपृष्ठ आणि अनुक्रम उघडे ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे पुस्तक न उघडताही ते कोणतं हे कपाटात दिसतं. क्रम महत्त्वाचा: आधी मजकूर दाबून लहान करायचा, मग कूटबद्ध करायचा. कूटबद्ध झालेला मजकूर विस्कटलेल्या आकड्यांसारखा दिसतो, त्यात दाबण्याजोगी पुनरावृत्ती उरत नाही. नवखे लोक हे उलट करतात आणि फाइल एवढी मोठी का झाली म्हणून डोकं खाजवतात.

कूटबद्ध करायला एईएस नावाची पद्धत वापरतात. डेमेन आणि राइमेन या दोन बेल्जियन कूटतज्ज्ञांची ही रचना अमेरिकेनं २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली आणि आज बँकांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ती आहे. तिची २५६ बिटांची किल्ली अंदाजानं शोधत बसणं कुणाच्याही आवाक्यात नाही. पण हजार वाचकांसाठी पुस्तक हजार वेळा वेगवेगळं कूटबद्ध करायचं का? नाही. पुस्तकाला एकदाच एक किल्ली लावायची. मग ती किल्ली प्रत्येक वाचकाच्या स्वतंत्र किल्लीनं पुन्हा कूटबद्ध करायची आणि परवान्याच्या छोट्या फाइलीत ठेवायची. मोठ्या कपाटाची किल्ली छोट्या डबीत, आणि डबीला ज्याचं त्याचं कुलूप. कपाट एकच, डब्या हजार.

युरोपातल्या ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनी उचललेली एलसीपी ही व्यवस्था अशीच चालते. रीडियम या मुक्त प्रकल्पातून ती आली, पॅरिसची ईडीआरलॅब संस्था ती सांभाळते. तिचा आराखडा कुणीही वाचू शकतो. एक लहानसा गुप्त भाग मात्र करार करणाऱ्यांनाच मिळतो. ॲडोबी किंवा ॲमेझॉन यांच्या कुलपापेक्षा राजारामपुरीच्या खोलीला हीच परवडेल, असं माझं मत आहे. कारण तिथे वाचकाची किल्ली एका परवलीच्या वाक्यातून तयार होते. वाचकाला कुठल्या बड्या कंपनीचं खातं उघडावं लागत नाही.

आणि इथेच मराठी पुन्हा आडवी येते. परवलीच्या वाक्याचं एका गणिती क्रियेनं ठरावीक लांबीच्या आकड्यात रूपांतर होतं. वाक्यात एक बिंदू बदलला तरी तो आकडा पार बदलतो. वाचकानं ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून टाइप केलं काय किंवा अ वर चंद्र देऊन केलं काय, पडद्यावर सारखंच दिसतं. संगणकाला मात्र ती दोन वेगळी वाक्यं. ‘दऱ्या’मधला अर्धा र असाच दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतो. घरच्या संगणकावर ठरवलेलं वाक्य फोनच्या कीबोर्डवरून चालत नाही, आणि आपण अगदी बरोबर लिहिलं अशी वाचकाची खात्री असते. ती खरीही असते! युनिकोडनं दिलेली एकसारखं करण्याची रीत यातले काही फरक मिटवते, पण ‘ॲ’चा नाही. म्हणून किल्ली बनवण्याआधी मजकूर साफ करणारी आपली स्वतःची छोटी यादी लिहावी लागते. परदेशी पुस्तिकेत ती सापडणार नाही.

परवान्यात हक्कांची नोंदही असते: किती पानं छापता येतील, किती मजकूर उचलता येईल, कधीपासून कधीपर्यंत वाचता येईल. मजकुराची मर्यादा अक्षरांत मोजतात, पण युनिकोडच्या अक्षरांत. ‘कोल्हापूर’ आपल्या डोळ्याला चार अक्षरांचं, यंत्राच्या हिशेबी नऊ: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. पाचशे अक्षरं उचलायची सवलत इंग्रजी वाचकाला एक परिच्छेद देते. शिवाजी विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्या मराठीच्या विद्यार्थिनीला तीच सवलत आखूड पडते. मर्यादा घालायचीच तर ती दुप्पट ठेवा, किंवा मोजायची रीत बदला.

इतकं सगळं केलं तरी कुलूप तुटतं का? तुटतं. वाचकाला पुस्तक वाचायला द्यायचं तर किल्ली त्याच्याच यंत्रात कुठेतरी पोचवावी लागते, आणि यंत्र त्याच्या हातात असतं. ही अडचण गणिताची नसून मांडणीतलीच आहे, ती कधीच सुटणार नाही. ॲडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप काढणारा प्रोग्रॅम लिहिणारा रशियन दिमित्री स्क्लारोव्ह २००१ च्या जुलैत लास वेगासला व्याख्यान देऊन परतताना पकडला गेला. पुढे त्याच्यावरचे आरोप मागे घेतले गेले आणि २००२ अखेर त्याची कंपनीही निर्दोष सुटली. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणंच बेकायदा आहे. आपला कायदा त्याहून समजूतदार आहे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ प्रमाणे हक्कभंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तरच दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्यानं मनाई नसलेल्या कामासाठी तोडलं तर नाही. मात्र अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्यानं त्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची.

पण मराठी पुस्तकांची चोरी कुलूप तोडून होतच नाही, हे प्रकाशकाला सांगायची कुणाला तरी हिंमत हवी. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर ज्या पीडीएफ फिरतात त्यांच्या पानांवर कडेला अंगठा दिसतो, मध्ये शिवणीची काळी रेघ असते, कुठे वाचनालयाचा शिक्काही. ती छापील पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत असते. ई-पुस्तकाला केवढंही कुलूप घाला, त्या प्रतीला त्याचा पत्ताही नसतो. उलट विकत घेणाऱ्यालाच तीन वेळा परवली विचारली, तर त्याच्या हातात ती अंगठ्याची पीडीएफ जास्त सोयीची ठरते. म्हणून ललित पुस्तकांसाठी मी हलक्या उपायाच्या बाजूचा आहे: फाइल उघडी द्यायची, पण प्रत्येक प्रतीत विकत घेणाऱ्याची खूण घालायची, थोडी दिसणारी, थोडी न दिसणारी. हॅरी पॉटरची ई-पुस्तकं २०१२ मध्ये पॉटरमोर या संकेतस्थळानं अशाच खुणेनिशी विकायला काढली. ज्या पुस्तिकांचा हेतूच पसरण्याचा आहे त्यांना तर खूणही नको. गोविंद पानसऱ्यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही कमी किमतीमुळे आणि हातोहात फिरल्यामुळेच गावोगाव पोचली.

कडक कुलूप कुठे शोभतं तेही याच शहरात बघायला मिळतं. शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षांना प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवण्याची पद्धत आहे. त्या केंद्रावर ठरलेल्या वेळी उघडतात आणि तिथेच छापल्या जातात. त्या दस्तऐवजाचं रहस्य पेपर सुरू होईपर्यंतच टिकवायचं असतं. त्यानंतर तीच प्रश्नपत्रिका रिक्षावाल्यानं वाचली तरी कुणाचं काही जात नाही. थोडा काळ, ठरलेली माणसं, ठरलेल्या खोल्या. अशा कामात डीआरएम चोख चालतं.

कादंबरीचं उलटं आहे. तिला ६० वर्षं जगायचंय, आणि सॉफ्टवेअर कंपन्या तेवढं जगत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०१९ च्या एप्रिलमध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैमध्ये लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, समासातल्या टिपणांचं काय? बड्या कंपनीचं हे, तर राजारामपुरीच्या खोलीचं भाडं थकलं तर काय होईल? तेव्हा करारातच लिहावं: कुलूप नसलेली मूळ प्रत प्रकाशकाकडे राहील आणि परवान्यांचा सर्व्हर बंद होण्याआधी वाचकांना उघड्या प्रती मिळतील. छापील पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा १९५४ पासून आहे. तो छापील प्रतींपुरता. ई-पुस्तकाची काळजी ज्यानं त्यानंच घ्यायची.

दृष्टिहीन वाचकाचं राहिलं. कुलूपबंद पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला मजकूर देत नसेल, तर त्या वाचकानं पैसे भरून अंधारच विकत घेतला. आपला कायदा अपंगांसाठी वाचनीय प्रत करणं हा हक्कभंग मानत नाही, आणि दृष्टिहीनांसाठीचा माराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश होता, २०१४ मध्ये. मोठ्यानं वाचण्याची वाट परवान्यातल्या कुठल्याही मर्यादेनं अडवू नये. आधीचं युनिकोडचं काम मन लावून केलेलं असलं की इथे त्याचं चीज होतं: जुन्या फॉन्टातला मजकूर यंत्र वाचूच शकत नाही.

आणि वाचनालय. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा संस्थेनं ई-पुस्तक उसनं द्यायचं म्हटलं तर डीआरएम खरोखर लागतं, कारण ‘परत देणं’ ही गोष्टच एरवी फाइलीला ठाऊक नाही. परवान्यात शेवटची तारीख असते. ती उलटली की पुस्तक मिटतं आणि पुढच्या वाचकाला मोकळं होतं. वाचक फोनचं घड्याळ मागे करून बघतो, म्हणून ॲप अधूनमधून सर्व्हरला खरी वेळ विचारतं. पण कितीदा विचारावं? रोज विचारायचं ठरवलं तर गगनबावड्याच्या पावसात नेटवर्क गेलेल्या माणसाचं पुस्तक मधेच बंद पडतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कित्येक भागांत वीजही नव्हती. या गावासाठी सॉफ्टवेअर लिहायचं तर सर्व्हर न सापडल्यास परवाना निदान पंधरा दिवस चालू राहील अशी सूट ठेवावी, आणि त्या दिवसांचा उशीर-दंड आपोआप लागणार नाही हे ग्रंथपालाच्या पडद्यावर स्पष्ट दिसू द्यावं.